प्लेटचा रिपोर्ट

गाडीचा क्लच कोणी जाळला याचा निकाल गाडी गॅरेजला पोहोचायच्या आधीच लागला होता. सूनबाईनं. पिंपळे गुरवच्या त्या सोसायटीत साक्षीदारांना तोटा नव्हता. वॉचमननं तिला पार्किंगच्या रॅम्पवर गाडी बंद पाडताना पाहिलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू एकदा तिच्याबरोबर काटेपुरम चौकातून आल्या होत्या, आणि मागचा रिक्षावाला काय बोलला ते त्यांनी चार घरी शब्दशः सांगितलं होतं. खुद्द नवऱ्यानं तर "ती अजून शिकतेय हो" म्हणत बचाव करता करता कबुलीच देऊन टाकली होती.

प्रत्यक्षात गाडीनं मान टाकली ती अण्णांच्या हातात. शनिवारी संध्याकाळी ते भोसरीला निघाले होते. नाशिक फाट्याच्या दुमजली पुलाचा चढ लागला, त्यांनी अॅक्सिलरेटर दाबला, इंजिन केकाटलं, आरपीएमचा काटा साडेतीन हजारांवर गेला आणि गाडी मात्र होती त्याच वेगात रेंगाळत राहिली. पाठोपाठ करपट वास आला. अण्णांनी कशीबशी ती पुलावरून उतरवली, कडेला घेतली आणि मुलाला फोन लावला. पहिलंच वाक्य होतं, "तुझ्या बायकोनं क्लच संपवला."

गाडी सहा वर्षांची, ४२ हजार किलोमीटर चाललेली. सून ती चालवायला लागून वर्ष-सव्वा वर्ष झालं होतं, तेही आठवड्यातून दोन दिवस, चाकणला कामावर जाताना. एरवी कंपनीची बस. उरलेले सगळे किलोमीटर अण्णांचे. पण हा हिशेब कोणी मांडला नाही, कारण अण्णांचं ड्रायव्हिंग हा त्या सोसायटीत वादाचा विषयच नव्हता.

अण्णा मूळचे खटाव तालुक्यातले. १९७८ साली टेल्कोत लागले आणि रिटायर होईपर्यंत इन्स्पेक्शनला राहिले. मधेच २००३ मध्ये कंपनीचं नाव टाटा मोटर्स झालं तरी त्यांच्या तोंडी टेल्कोच. गाडी चालवायची ती अशी, की मागच्या सीटवरच्या माणसाला गिअर कधी बदलला ते कळू नये. गणपती आणायचा असला की सोसायटीतली मंडळी त्यांच्याकडेच यायची. मूर्ती मांडीवर घेऊन बसणाऱ्याला एकही धक्का लागायचा नाही. "तीस वर्षांत माझ्या हातून गाडी बंद पडलेली नाही," हे ते सांगायचे, आणि ते खरंही होतं.

सुनेची मात्र बंद पडायची. सिग्नल सुटला की बंद. स्पीडब्रेकरवर बंद. गॅरेजवाले, क्लासवाले, शेजारी, सगळ्यांच्या लेखी गाडी बंद पडणं म्हणजे गाडी न येणं. आपल्याकडे मागचा माणूस हॉर्नवर हात ठेवूनच बसलेला असतो, त्यामुळे बंद पडलेली गाडी हा एक सार्वजनिक गुन्हा होऊन बसतो. मला तर वाटतं, आपल्या शहरांतले निम्मे क्लच त्या हॉर्नच्या भीतीनं जळतात.

अण्णांनी तिला शिकवायचा प्रयत्न केला होता. "चढावर हँडब्रेक कशाला ओढायचा? लोक हसतील. क्लच अर्धा सोड, थोडा अॅक्सिलरेटर दे, गाडी जागेवर धरून ठेव. हे बघ." आणि खरोखर, रॅम्पच्या मध्यावर गाडी ना पुढे ना मागे, अण्णांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, ब्रेकवर पाय नाही. बघणाऱ्याला जादू वाटावी असं ते होतं. तिनं काही आठवडे करून पाहिलं. मोशीपासून जी रांग लागते ती कुरुळी, आळंदी फाटा करत चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत हलत नाही. तिथं कंटेनरच्या मागे अर्ध्या क्लचवर इंच इंच सरकताना तिची डावी पोटरी भरून यायला लागली. मग तिनं ते सोडून दिलं आणि नाशिक फाट्याजवळच्या ट्रॅकवर लायसन्सच्या परीक्षेला जसं केलं होतं तसंच करायला लागली: थांबलं की हँडब्रेक, न्यूट्रल, पाय खाली. निघताना कधी धक्का, कधी गाडी बंद.

त्या परीक्षेबद्दल एक गंमत सांगायला हवी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १५व्या नियमात उमेदवाराला काय काय यायला हवं याची यादी आहे. तीव्र चढावर थांबून गाडी मागे घसरू न देता पुन्हा निघता आलं पाहिजे, असं त्यात आहे. आणि ते कशाच्या साहाय्यानं, तर हँडब्रेकच्या, किंवा अॅक्सिलरेटर आणि पायातल्या ब्रेकच्या. गाडी क्लचवर तोलून धरायची असं त्या कलमात कुठंही नाही. म्हणजे सोसायटीतला एकमेव माणूस जो सरकारी नियमानुसार चढ चढत होता, त्याच्यावरच वॉचमन हसत होता.

गाडी टोचन करून सृष्टी चौकाच्या आतल्या बाजूला असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आणली गेली. तिथला मिस्त्री लातूरकडचा. औंधच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा कोर्स करून, दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये अॅप्रेंटिसशिप काढून त्यानं हे शेड टाकलेलं. बोलायला कमी. त्यानं चाकाला दगड लावला, हँडब्रेक ओढला, गाडी स्टार्ट केली, एकदम वरचा गिअर टाकला आणि क्लच सोडला. अशा वेळी इंजिन जागेवर मरायला हवं. ते बराच वेळ थरथरत चालू राहिलं आणि मग मेलं.

"गेला," मिस्त्री म्हणाला.

"गेला नाही, घालवला," अण्णा म्हणाले. "सूनबाई शिकतेय. रोज झटके."

मिस्त्रीनं हात पुसले. "अण्णा, गिअरबॉक्स उतरवायच्या आधी एक राऊंड मारू. नेमका कुठं सुटतो ते बघतो. इथून तुमच्या सोसायटीचा रॅम्प आणि परत. पहिल्या-दुसऱ्यावरच न्या, पोहोचेल. तुम्ही चालवा."

अण्णांनी चालवली. मिस्त्री शेजारी बसला आणि सबंध रस्ता त्यानं समोर पाहिलंच नाही. तो खाली पाहत होता. अण्णांचा डावा पाय क्लचच्या पेडलवर होता. दाबलेला नव्हता, नुसता टेकलेला. सरळ रस्त्यावरही टेकलेला. सिग्नलला अण्णांनी पहिला गिअर टाकून क्लच तळाशी दाबला, तो लाल दिवा संपेपर्यंत दाबलेलाच राहिला. स्पीडब्रेकरवर ब्रेक न लावता क्लच अर्धा करून त्यांनी गाडी अलगद सोडली. रॅम्पवर गेट बंद होतं. वॉचमन फोनवर. अण्णांनी हॉर्न दिला आणि गाडी मध्यावर तोलून धरली.

"बघ. हँडब्रेक नाही, ब्रेक नाही," अण्णा म्हणाले. क्लच स्लिप होत असल्यामुळे इंजिन नेहमीपेक्षा मोठ्यानं घुरघुरत होतं, पण गाडी तसूभर हलली नाही.

"एक नंबर," मिस्त्री म्हणाला. त्यात कुचेष्टा नव्हती.

परत आल्यावर अण्णा चहा प्यायला बसले आणि मिस्त्री सुनेला म्हणाला, "ताई, आता तुम्ही. तोच रस्ता."

शेडमधून निघतानाच गाडी बंद पडली. सून म्हणाली, "सॉरी." स्पीडब्रेकरवर तिनं ब्रेक दाबला, मग क्लच, मग दुसऱ्याचा पहिला गिअर, आणि थोडी उडी. सिग्नलला न्यूट्रल, दोन्ही पाय क्लचपासून लांब. रॅम्पवर गेट बंद, वॉचमन पुन्हा फोनवर. तिनं हँडब्रेक ओढला आणि बसून राहिली. गेट उघडलं तेव्हा निघताना पहिल्यांदा बंद, दुसऱ्यांदा हिसका देऊन वर. वॉचमन हसला.

"सॉरी हो," ती पुन्हा म्हणाली.

"सॉरी कशाला, ताई? इंजिन बंद पडलं. क्लचला काय झालं?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो पुढं काही बोलला नाही. खरं तर त्याच्या त्या एका वाक्यात सगळं होतं. इंजिनाच्या मागे फिरणारं जड चाक म्हणजे फ्लायव्हील. त्याला चिकटून बसणारी, दोन्ही अंगांनी अस्तर लावलेली चकती म्हणजे क्लच प्लेट. आणि तिला मागून दाबून धरणारी प्रेशर प्लेट. पाय पूर्ण वर असला की तिन्ही एक होऊन फिरतात, कोणी कोणावर घासत नाही. पाय पूर्ण खाली असला की प्लेट मोकळी, तेव्हाही अस्तर झिजत नाही. फक्त रिलीज बेअरिंग दाबाखाली फिरत राहतं. झीज होते ती मधल्या अवस्थेत, जेव्हा एक फिरतंय आणि दुसरं तितकंसं फिरत नाही. गाडी निघताना ही मधली अवस्था टाळताच येत नाही, त्यासाठीच तर क्लच आहे. प्रश्न तिथं किती वेळ रेंगाळायचं एवढाच. गाडी बंद पडते तेव्हा प्लेट फ्लायव्हीलला एका क्षणात घट्ट पकडते आणि इंजिनाला ते पेलवत नाही. घासायला वेळच मिळत नाही. धक्का बसतो, लाज वाटते, अस्तराचं मात्र जवळजवळ काही जात नाही. उलट जो प्रवास मऊ लागतो, त्यातली काही मऊपणाची किंमत अस्तरानं भरलेली असते. ती बिलं एकदम येतात, आणि बहुतेक वेळा त्या दिवशी गाडीत बसलेल्या माणसाच्या नावावर फाडली जातात.

सोमवारी गिअरबॉक्स उतरला. संध्याकाळी मिस्त्रीनं अण्णांना फोन केला. "या एकदा. आणि अण्णा, तुमचा व्हर्नियर असेल घरी, तो घेऊन या."

व्हर्नियर म्हटल्यावर अण्णा लगेच निघाले. सून नुकतीच चाकणहून बसनं आली होती, तीही बरोबर गेली. शेडमध्ये जुन्या वर्तमानपत्रावर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग ओळीनं मांडलेलं होतं. अण्णांनी सवयीनं प्लेट उचलली आणि तिच्यावरची काळी धूळ फुंकायला तोंड जवळ नेलं.

"फुंकू नका," मिस्त्रीनं हात आडवा घातला. "पूर्वी यात अॅस्बेस्टॉस असायचं. आता नसतं म्हणतात, पण छातीत कशाला घ्यायचं?" त्यानं ओलं फडकं पुढं केलं.

अण्णांनी पुसली, दिव्याखाली धरली आणि विचारलं, "काय बघू?"

"तुम्ही इन्स्पेक्शनला होता. रिपोर्ट तुम्ही द्यायचा."

अण्णांना हा मान आवडला. कंपनीत त्यांची एक पद्धत होती आणि ती ते घरी हजारदा सांगत. लॉट रिजेक्ट झाला की फोरमन आधी विचारायचा, कुणाच्या मशीनवरचा आहे? अण्णा सांगायचे, ते नंतर. आधी जॉब बघायचा, ऑपरेटर नाही. एकदा नाव कळलं की डोळा नावाकडे बघतो.

त्यांनी व्हर्नियरच्या शेपटीची बारीक पट्टी अस्तरातल्या एका रिव्हेटच्या खड्ड्यात टेकवली. नव्या प्लेटमध्ये रिव्हेटचं डोकं अस्तराच्या पृष्ठभागाखाली चांगलं खोल असतं. ते वर येत येत ०.३ ते ०.५ मिलिमीटरवर आलं की बहुतेक कंपन्यांच्या हिशेबानं प्लेट संपली. इथं पट्टी आत जाईचना. अण्णांनी दुसरा खड्डा घेतला, तिसरा घेतला, प्लेट फिरवत गेले.

"सगळीकडून सारखी झिजलीय," ते म्हणाले. "आणि वर चकाकी आलीय. ही उष्णतेची."

"पुढं."

मधल्या चकतीभोवतीच्या स्प्रिंगा त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिल्या. इंजिनाचा झटका सोसायचं काम या स्प्रिंगांचं. झटक्यांनी गाडी चालवणाऱ्याच्या प्लेटमध्ये त्या सैल होतात, खुळखुळतात, कधी तुटतात. या जागच्या जागी घट्ट होत्या. अण्णांनी प्लेट कानाशी नेऊन हलवली. आवाज नाही.

ते थोडे थांबले. मग त्यांनी प्रेशर प्लेट उलटी केली. घासणाऱ्या अंगावर निळसर डाग होते. लोखंड निळं पडायला किती तापावं लागतं हे हीट ट्रीटमेंटच्या शॉपमधून आलेले जॉब वर्षानुवर्षं तपासणाऱ्याला सांगायला नको होतं. रिलीज बेअरिंग त्यांनी बोटात फिरवलं. खरखर आली. बेअरिंग ज्या पात्यांवर दाबतं त्या पात्यांची टोकं घासून गुळगुळीत चपटी झालेली.

"हे बेअरिंग एवढं का गेलं?" अण्णांनी विचारलं.

"पाय टेकलेला राहिला की ते सारखं फिरतं. आणि पायाच्या वजनानं प्रेशर थोडं कमी होतं, मग चढाला प्लेट सुटते."

"कुणाचा पाय?"

मिस्त्री स्पॅनर पुसत होता. "तुम्हीच सांगता की अण्णा, ऑपरेटर नंतर."

अण्णा त्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी सुनेकडे न बघता विचारलं, "रॅम्पवर धरून ठेवली तर किती तापत असेल?"

प्रश्न मिस्त्रीला नव्हता. सून डिप्लोमा मेकॅनिकल. तिनं वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन टेकवलं. "अण्णा, रॅम्प किती आहे?"

"एकास आठ." हे त्यांना माहीत असणारच.

"गाडी माणसांसकट अकराशे किलो धरू. म्हणजे मागे ओढणारं वजन एकशे सदतीस किलो." तिनं लिहिलं. "तुम्ही धरता तेव्हा इंजिन पंधराशे फेऱ्यांवर असतं. पहिल्या गिअरमध्ये त्या फेऱ्यांना गाडी ताशी दहा-अकरा किलोमीटरनं चढली असती, सेकंदाला तीन मीटर. ती चढत नाही, पण इंजिन तेवढं काम करतंच. ते सगळं प्लेटमध्ये जातं." गुणाकार झाला. "चार किलोवॅट."

"चार?"

"आपला गीझर दोनचा आहे."

अण्णांनी कागद स्वतःकडे वळवला आणि गुणाकार पुन्हा केला. बरोबर होता.

"आणि सपाटीवर एकदा गाडी उचलायला?"

तिनं तोही केला. थांबलेल्या गाडीला सेकंदाला तीन मीटरपर्यंत आणताना क्लचमध्ये साधारण तेवढीच ऊर्जा जळते जेवढी गाडीच्या गतीत जाते. इथं पाच किलोज्यूलच्या आसपास. "म्हणजे ढोबळमानानं रॅम्पवर एक सेकंद धरली की एकदा गाडी उचलल्यासारखं."

"एक सेकंद," अण्णा म्हणाले.

मिस्त्रीनं विषय बदलला, की तसं दाखवलं. फ्लायव्हीललाही डाग आहेत, भोसरीला लेथवर फेसिंग करून आणावं लागेल. सेट, बेअरिंग, मजुरी मिळून अकरा हजारांच्या घरात जाईल. अण्णांनी मान हलवली. मग मिस्त्रीनंच काहीतरी विचारावं म्हणून थांबल्यासारखे ते उभे राहिले, आणि आपणहून सांगायला लागले. १९८०च्या सुमाराला ते मामांच्या जीपवर शिकले. त्या जीपचा हँडब्रेक धरतच नसे. खंबाटकीच्या चढाला पुढं ट्रक, मागं ट्रक, गाडी हातभर मागं गेली तरी बंपरला बंपर. मामा शेजारी बसून ओरडायचे, क्लचवर धर! पंधरा दिवसांत पाय बसला, तो बसला.

"मग मामांचं बरोबरच होतं," मिस्त्री म्हणाला. "हँडब्रेक नसेल तर दुसरं काय करणार माणूस?"

"या गाडीला आहे," अण्णा म्हणाले.

दोन दिवसांनी गाडी तयार झाली. घ्यायला अण्णा आणि सून दोघंही गेले. मधल्या काळात सोसायटीत एक सल्लाही येऊन गेला होता, की आता ऑटोमॅटिकच घ्या, कटकट नको. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर स्वस्त गाड्यांत आलेल्या त्या एएमटी प्रकारातही क्लच हाच असतो, फक्त तो पायाऐवजी गाडीतली यंत्रणा दाबते. आणि चढावर ब्रेक सोडून अॅक्सिलरेटरवर गाडी तोलणारा माणूस तिथंही तो जाळतोच. हे अण्णांनी सल्ला देणाऱ्याला दारातच ऐकवलं. त्याच माणसानं पुढं हसत विचारलं होतं, "मग काय, सूनबाईनं किती खर्चात घातलं?" अण्णा म्हणाले, "बिल माझ्या नावावर आहे," आणि दार लावलं.

गॅरेजमध्ये अण्णा ड्रायव्हर सीटवर बसले. मिस्त्री खिडकीशी वाकला. "नवी प्लेट आहे. पाच-सातशे किलोमीटर बसू द्या तिला, जोर लावू नका. आणि एक, आता ती खालीच उचलेल."

अण्णांनी ऐकलं, पण पायानं ऐकलं नाही. प्लेट झिजत जाते तसा क्लच वर वर पकडायला लागतो. सहा वर्षांत तो इंचाइंचानं वर गेला होता आणि अण्णांचा पाय त्याच्याबरोबर गेला होता. नवी प्लेट पेडल जरा वर येताच पकडणारी. अण्णांनी नेहमीच्या अंदाजानं पाय सोडला. गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. शेडमधल्या दोन पोरांनी वर पाहिलं. अण्णांनी पुन्हा स्टार्ट केली. पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी ती सुरू राहिली, पण शेडच्या तोंडाशी, रस्त्यावरच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला तशी पुन्हा बंद पडली.

अण्णा काही क्षण स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. मग हँडब्रेक ओढून उतरले आणि पलीकडून येऊन बसले. "तू घे. तुला सवय आहे."

"बंद पडायची?" सून म्हणाली.

"त्याचीच."

तिनं घेतली. तिचीही एकदा बंद पडली, मग तिला ती नवी खालची जागा सापडली. सिग्नलला तिनं न्यूट्रल केलं. अण्णांनी तिच्या पायांकडे पाहिलं, मग स्वतःच्या डाव्या पायाकडे. तो चटईवर कुठंतरी टेकायला जागा शोधत होता.

रॅम्पवर गेट बंद होतं. तिनं हॉर्न दिला, ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. वॉचमन खुर्चीतून उठला, फोन खिशात ठेवला, किल्ली शोधली, कुलूप काढलं, मग गेट ढकलायला लागला. गेट खालच्या रुळात अडकलं. त्यानं लाथ मारली. ते हललं.

अण्णा घड्याळाकडे बघत होते.

"सत्तावीस," ते म्हणाले.

"काय?"

"सेकंद. रोज एवढाच वेळ लावतो हा?"

"पाऊस असला की जास्त. रूळ गंजतो."

अण्णांनी दिवसातून दोनदा, वर्षाचे तीनशे दिवस, सहा वर्षं असा काहीतरी हिशेब सुरू केला असावा, कारण त्यांचे ओठ हलत होते. गेट उघडून झालं तरी ते थांबले नाहीत. मग दार उघडून खाली उतरले.

"अण्णा, वर नेते ना गाडी?"

"ने. मी येतो." ते वॉचमनकडे वळले. "त्या रुळाला शेवटचं ग्रीस कधी लावलं? आणि कुलूप दिवसा कशाला लागतं? सेक्रेटरी घरी आहेत का बघ. नाहीतर असू दे, मीच जातो वर. आणि ते फ्लॅट नंबर लिहिलेलं गाड्यांचं रजिस्टर दे इकडं. या रॅम्पवरून रोज किती गाड्या चढतात ते आधी बघू."